माग चालू आहेत, पण मन लागत नाही : सोलापूरच्या लघुउद्योजकांना एक प्रश्न

पूर्वभागकर (प्रश्न)

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात टेरी टॉवेलचा माझा छोटा कारखाना आहे. आजोबा गिरणीत होते, वडील हातमागावरून यंत्रमागाकडे वळले आणि त्याच शेडमध्ये आता मी बसतो. आमच्या भागातील अनेक घरांप्रमाणे घर आणि कारखाना एकाच जागेत आहेत. शेडची मागची भिंत हीच आमच्या स्वयंपाकघराची भिंत आहे.

धंदा बुडालेला नाही, हे आधीच सांगतो, कारण हा विषय काढला की समोरच्याचा पहिला तर्क तोच असतो. ऑर्डरी आहेत, कामगार टिकून आहेत, बँकेचा हप्ता आजवर चुकलेला नाही. तरीही गेल्या काही महिन्यांपासून सकाळी शटर वर करण्याचीच इच्छा होत नाही. पूर्वी जेवताना एखादा माग थांबला, की एवढ्या खडखडाटातही माझ्या कानाला ते कळायचे आणि हातातला घास ठेवून मी उठायचो. आता माग थांबलेला ऐकू येतो आणि मी तसाच बसून राहतो. जुन्या गिऱ्हाइकाचे नाव फोनवर दिसले तरी तो उचलवत नाही. पहाटे तीनच्या सुमारास जाग येते, छातीत धडधडते आणि उजाडेपर्यंत डोक्यात आकडेमोड चालू राहते. हृदयाची तपासणी करून घेतली. कार्डिओग्राम व्यवस्थित आला आणि पित्ताची गोळी मिळाली.

आकडेमोड कशाची, हे इथल्या बहुतेकांना सांगायला नको. सूत रोखीने किंवा आठ-पंधरा दिवसांच्या वायद्याने घ्यायचे आणि तयार माल परगावच्या व्यापाऱ्यांना उधारीवर द्यायचा. बोलीत ४५ दिवस ठरलेले असतात, पैसे हातात पडतात चार-चार महिन्यांनी. मधल्या काळात कामगारांचा आठवड्याचा पगार थांबत नाही. ५ तारखेला हप्ता असतो, १५ तारखेपर्यंत पीएफ आणि ईएसआय, २० तारखेला जीएसटी. त्यातही जीएसटी बिलावर भरायचा असतो, वसुलीवर नव्हे; म्हणजे जो पैसा मी अजून पाहिलेलाच नाही, त्यावरचा कर आधी माझ्या खिशातून जातो.

हे बोलावे कोणाजवळ, ही दुसरी अडचण आहे. बायकोला सांगितले तर ती घाबरेल. वडिलांजवळ एकदा विषय काढला, तेव्हा "आम्ही काय कमी सोसले का?" एवढेच उत्तर मिळाले, आणि ते खोटेही नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे बंद झालेले ज्या घराने पाहिले, त्या घरात "जमत नाही" असे कोणी सहसा म्हणत नाही. बँकेत बोललो तर कर्जाची मर्यादा कमी होण्याची भीती, सुताच्या व्यापाऱ्याला सुगावा लागला तर तो उधारी बंद करील, आणि समाजात कुजबुज सुरू झाली तर ती मुलीच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत पोहोचेल.

माझे प्रश्न असे आहेत. हा आजार आहे, की धंद्याबरोबर येणारच अशी गोष्ट आहे? ज्याला बर्नआउट म्हणतात तो हाच का, की तो केवळ नोकरदारांना होतो? सोलापुरात यासाठी कोणाकडे जावे? आणि धंदा चालू ठेवूनच हा ताण कोणी कमी केला असेल, तर त्यांनी नेमके काय केले? "चार दिवस सुट्टी घ्या" हा सल्ला कृपया देऊ नये. कुटुंबाला घेऊन तिरुपतीला जाऊन आलो. दर्शनाच्या रांगेतही मोबाईलवर बँकेचे संदेशच पाहत होतो.

चाटी गल्ली

मी कापडाच्या व्यापारात आयुष्य घालवलेला माणूस आहे, त्यामुळे थोडे कडू बोललो तर राग मानू नये. उधारी, तेजी-मंदी आणि पहाटेची जाग हे धंद्याचे सोबती आहेत. आमच्या वेळी याला कोणी इंग्रजी नाव दिले नव्हते आणि डॉक्टरकडेही कोणी गेले नव्हते. सकाळी सिद्धेश्वर तलावाला चार फेऱ्या माराव्यात, गुरुवारी अक्कलकोटला जाऊन यावे आणि दुकानात बसावे. रिकामा बसलेला माणूस अधिक खचतो, हे मी पाहिलेले आहे. मात्र एक गोष्ट तुम्ही बरोबर लिहिली आहे : चार-चार महिने पैसे न देणाऱ्याला पुन्हा माल द्यायचा आणि मग रात्रभर जागायचे, याला धंदा म्हणत नाहीत.

मनाचा डॉक्टर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि सोलापुरातच काम करतो. जाहिरात होऊ नये म्हणून नाव लिहीत नाही. इथे वाचून कोणाचे निदान करता येत नाही आणि करूही नये, परंतु प्रश्न इतका नेमका विचारला आहे की काही गोष्टी स्पष्ट करणे शक्य आहे.

बर्नआउटचे वर्णन वैद्यकीय लिखाणात प्रथम १९७४ साली न्यू यॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी केले, आणि ते मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांना पाहून केले. पुढे क्रिस्टिना मॅसलॅक यांनी त्याचे मोजमाप करणारी प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याला जागा दिली आहे, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न आवरलेला ताण, असे त्याचे स्वरूप सांगितले आहे. त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. तुम्ही लिहिलेले "माग थांबलेला ऐकू येतो आणि मी तसाच बसून राहतो" हे वाक्य दुसऱ्या खुणेचे इतके स्वच्छ उदाहरण आहे की मी ते विद्यार्थ्यांना सांगेन. नोकरदार आणि मालक असा भेद यात नाही. उलट मालकाला राजीनाम्याची वाट नसते, आणि घर शेडला लागून असेल तर कामावरून घरी जाण्याचीही सोय नसते.

परंतु तुमच्या वर्णनातील पहाटेची जाग, धडधड आणि फोन टाळणे हे सगळे बर्नआउटच्या खात्यात टाकून मोकळे होता येणार नाही. नैराश्य आणि चिंतेचा विकार यांत हेच दिसते, आणि ते मात्र उपचार करण्याजोगे आजार आहेत. ढोबळ फरक असा सांगता येईल की केवळ कामाने पिचलेला माणूस भावाच्या घरी बारशाला गेला तर तिथे हसतो, जेवतो, मुलांशी खेळतो, आणि सोमवारी शटरसमोर पुन्हा कोमेजतो. नैराश्य आलेल्याला बारशातही काही वाटत नाही. मन उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी एक गोष्ट जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, सलग दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर तपासणी लांबवू नये. तिरुपतीच्या रांगेत तुम्हाला काय वाटत होते, फक्त हिशेबाची काळजी की काहीच नाही, हे स्वतःला विचारून पाहा. डॉक्टरही जवळपास तेच विचारील.

त्याआधी किंवा त्याबरोबर थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ तपासून घ्यावे, कारण यांतील कोणत्याही बिघाडाने माणूस असाच मरगळतो. दारू आणि तंबाखू किती वाढली आहे, हे डॉक्टरला खरे सांगावे. यंत्रमागांच्या शेडमधला आवाज अनेकदा ९० डेसिबलच्या पुढे असतो. अशा आवाजात रोज तासन्‌तास बसल्याने श्रवणशक्ती जाते हे सर्वांना ठाऊक आहे, पण चिडचिड आणि झोपमोडही वाढते, याकडे लक्ष जात नाही. कानात बोळे घालणे कमीपणाचे मानले जाते, ते घालावेत.

कोठे जावे, याचे उत्तर सोपे आहे. सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे, ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय आहे. तिथे ओळखीचे कोणी भेटेल ही धास्ती असेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतून आणि विनामूल्य बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विम्याचे संरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे, मात्र बहुतेक पॉलिसींमध्ये बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च धरलेला नसतो.

औषधांविषयी दोन वाक्ये. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात आणि त्यांची चटक लागत नाही. चटक लागते ती औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची, आणि व्यापारी मंडळींमध्ये ती मी फार पाहतो. "सगळे संपवून टाकावे" असा विचार एकदा जरी आला, तरी त्याच दिवशी घरातील कोणाला तरी सांगून, सोबत घेऊन डॉक्टरकडे जावे. त्यात हिशेब पाहत बसू नये.

काकांनी सुचवलेल्या फेऱ्यांना माझी हरकत नाही. नियमित चालण्याने सौम्य नैराश्य खरोखर कमी होते. पण "आमच्या वेळी कोणी डॉक्टरकडे गेले नाही" याचा अर्थ कोणी आजारी नव्हते, असा होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मायकेल फ्रीमन यांच्या २०१५ च्या अभ्यासात २४२ उद्योजकांपैकी ४९ टक्क्यांनी आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झाल्याचे सांगितले होते. ही पाहणी त्यांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर आधारलेली आहे आणि अमेरिकेतील आहे, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा सोलापूरला लावता येणार नाही. मात्र विचारले तर लोक सांगतात, एवढे त्यातून दिसते.

निवृत्त बँकवाला

डॉक्टरसाहेबांनी मनाची बाजू मांडली. मी वहीची मांडतो, कारण माझ्या मते या प्रश्नकर्त्याचा निम्माअधिक ताण डोक्यात नसून येणे रकमांच्या यादीत आहे, आणि ती यादी तशीच राहिली तर गोळ्यांनी झोप लागेल एवढेच. लघुउद्योगांच्या कर्जखात्यांवर बरीच वर्षे काम केल्यामुळे हे ठामपणे लिहीत आहे.

पहिली गोष्ट बँकेच्या भीतीची. हप्ता थकला की खाते लगेच बुडीत होत नाही. १ ते ३० दिवस थकबाकी असेल तर एसएमए-० (एसएमए म्हणजे बँकेने लक्ष ठेवण्याजोगे खाते), ३१ ते ६० दिवसांना एसएमए-१, ६१ ते ९० दिवसांना एसएमए-२, आणि ९० दिवस उलटल्यावर ते एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत खाते, होते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०१६ मध्ये २५ कोटींपर्यंत कर्ज असलेल्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी जी चौकट घालून दिली, तिच्यात महत्त्वाची तरतूद अशी आहे की अडचण दिसू लागली तर उद्योजक स्वतःहून बँकेकडे अर्ज करू शकतो. हप्त्यांची फेररचना किंवा मुदतवाढ यांचा विचार त्यासाठी नेमलेल्या बँकेच्या समितीला करता येतो. माझा अनुभव सांगतो की जो माणूस पहिला हप्ता चुकण्यापूर्वी कागद घेऊन येतो, त्याच्याविषयी शाखाधिकाऱ्याचे मत चांगले होते. जो तीन महिने फोन उचलत नाही, त्याच्यासाठी कोणी काही करू शकत नाही. "मर्यादा कमी करतील" ही भीती पूर्णपणे निराधार नाही, तसे करणारे अधिकारी असतात. तरीही उशिरा सांगण्याचा तोटा त्याहून मोठा आहे.

दुसरी गोष्ट उधारीची. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. तुम्ही "बोलीत ४५ दिवस" असे लिहिले आहे. बोली तोंडी असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तुमची मुदत १५ दिवसांचीच आहे, हे तुमच्या खरेदीदाराच्या लक्षात आणून द्या. आयकर कायद्यात २०२३ साली आणखी एक कलम आले : सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच ती वजावट मिळते. त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचे सीए स्वतःच तगादा लावतात. जीएसटीतही असे आहे की पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या खरेदीवरील कराचे घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. या गोष्टी तुमच्या बाजूने आहेत, पण जीएसटीची सोडून बाकीच्यांसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडील लघुउद्योगाची नोंदणी, हवी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला हवा. आयकराचे ते कलम उत्पादकांना लागू आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला, तो विक्रेता असला तरी, त्याचा लाभ मिळत नाही. काही खरेदीदारांनी या कलमाच्या धास्तीने नोंदणी नसलेल्यांकडून माल घ्यायला सुरुवात केली, हेही घडले आहे, म्हणून सरसकट सगळ्यांना नोटिसा पाठवा असे मी म्हणणार नाही.

शेवटचा मार्ग म्हणजे लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद निकाली काढणारी सुलभता परिषद. केंद्राच्या संकेतस्थळावरून तिच्याकडे तक्रार दाखल करता येते, आणि परिषदेचा निवाडा विरोधात गेला तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय न्यायालयात आव्हानही देता येत नाही. हत्यार धारदार आहे, पण ते उपसले की ते गिऱ्हाईक गेले असे समजावे. त्यामुळे ज्याला पुढे माल द्यायचाच नाही, त्याच्यासाठीच ते राखून ठेवावे.

एका गोष्टीविषयी प्रश्नकर्त्याने काही लिहिलेले नाही, म्हणून विचारतो : खासगी सावकाराकडून काही घेतले आहे का? घेतले असेल आणि त्याच्याकडे परवाना नसेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. पहाटे तीनला जागे होणाऱ्या अनेकांच्या बाबतीत कारण बँक नसते, हे मी पाहिले आहे.

पूर्वभागकर

सर्वांचे आभार. सावकाराकडून काही घेतलेले नाही. डॉक्टरसाहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे की तिरुपतीला मुले खेळत होती तेव्हा मला बरे वाटत होते, मोबाईल पाहिला की बिघडत होते. तरीही पुढच्या आठवड्यात रक्ततपासणी करून सिव्हिलमध्ये दाखवणार आहे.

बँकवाले काकांचे वाचून येण्यांची यादी काढली. एकूण थकबाकीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम केवळ दोन व्यापाऱ्यांकडे अडकलेली आहे आणि बाकी सगळे बऱ्यापैकी वेळेवर देतात, हे कागदावर प्रथमच एकत्र दिसले. ते दोघे वडिलांच्या काळापासूनचे आहेत, त्यामुळे त्यांना कडक शब्दांत लिहिणे अवघड वाटते. बायकोला आणि कामगारांना किती सांगावे, हा प्रश्न अजून तसाच आहे.

भाकरीवाली

दादा, नमस्कार. जुळे सोलापुरात माझा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा व्यवसाय आहे. बचत गटातल्या बायका सोबत आहेत. तुमच्याएवढी उलाढाल नाही, पण "बायको घाबरेल" हे वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते.

तुम्हीच लिहिले आहे की शेडची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत एक आहे. मग थांबलेला माग जसा तुम्हाला ऐकू येतो, तसा वहिनींनाही ऐकू येतो, आणि तुम्ही उठला नाहीत हे त्यांना दिसते. त्या घाबरलेल्या आधीच आहेत. फक्त नेमके किती घाबरायचे, हे त्यांना ठाऊक नाही, आणि आकडा माहीत नसला की माणूस मनात त्याच्या तिप्पट धरून चालतो. माझे यजमान रिक्षा चालवतात. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांच्या येण्या-देण्याचा कागद टेबलावर असतो आणि पंधरा वर्षांचा मुलगाही तो वाचतो. त्याने काही आभाळ कोसळले नाही. उलट क्लासची फी दोन हप्त्यांत भरू का, असे त्यानेच विचारले.

धंद्यात आम्ही ज्या गोष्टी बदलल्या, त्या लहान आहेत. परगावच्या पार्सलचे पैसे आगाऊ आल्याशिवाय डबा बांधायचा नाही, हा नियम केला. काही गिऱ्हाइके गेली, आणि गेली ती बहुतेक न देणारीच होती. धंद्याचा फोन वेगळा घेतला आणि तो रात्री आठनंतर कपाटात असतो. धंद्याचे खाते आणि घरचे खाते वेगळे केले आणि मी स्वतःला ठरावीक पगार देते; त्याआधी गल्ल्यातून दूध, गल्ल्यातूनच शाळा, त्यामुळे धंदा वाईट चालला आहे की घरखर्च वाढला आहे, हेच कळत नसे. पावसाळ्यात भाकरी सादळते, माल परत येतो, जून ते ऑगस्ट आमचे हात आखडलेले असतात; हे दर वर्षी ठरलेलेच आहे, म्हणून सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आणि दिवाळीत आलेल्या पैशांतून त्या तीन महिन्यांची मजुरी आधीच बाजूला काढतो. काळजी पूर्वीइतकीच आहे, मात्र तिचा महिना ठरला आहे.

बाईला या धंद्यातला थकवा दुहेरी असतो, याविषयी मात्र इथे कोणीच बोलले नाही. पुरुष खचला की घर त्याच्याभोवती गोळा होते, बाई खचली तर "मग बंद कर ना, कोणी सांगितले होते?" असे ऐकावे लागते. म्हणून ती बोलत नाही. गटाच्या आठवड्याच्या बैठकीत हप्त्याच्या हिशेबाबरोबर कोणाला काय जड जात आहे, हेही बोलायचे, असे आम्ही ठरवले आहे. तुमच्या यंत्रमागवाल्यांच्या बैठका होतात, तिथे वीजदर आणि सुताचे भाव यांपलीकडे कोणी काही बोलते का, हे विचारून पाहा.

चाटी गल्ली

ताईंचे घरापुरते पटले. कामगारांना मात्र काही सांगू नये. शेडमध्ये दुपारी बोललेली गोष्ट संध्याकाळी अशोक चौकात असते आणि दुसऱ्या दिवशी सूतवाला रोख मागतो. हे भय खोटे नाही, भोगलेले आहे.

निवृत्त बँकवाला

काकांशी मी निम्मा सहमत आहे. कामगारांना ताळेबंद सांगण्याचे कारण नाही. पगाराचा वार पुढे जाणार असेल, तर तो आधी सांगावा आणि मग पाळावा, एवढेच पुरे आहे. कामगाराला मालकाच्या मनापेक्षा आपल्या किराण्याची चिंता असते आणि ते रास्तच आहे.

पूर्वभागकर, आता त्या दोन व्यापाऱ्यांविषयी. वडिलांच्या काळातील संबंध असले तर पहिले पत्र कडक लिहू नका, पण पत्र लिहाच, फोन पुरेसा नाही. त्यात बिलांचे क्रमांक, तारखा आणि रकमा, तुमचा उद्यम क्रमांक, आणि जुनी बाकी किती हप्त्यांत हवी याचा तुमचा प्रस्ताव एवढेच असावे. व्याजाचा आणि आयकराच्या कलमाचा उल्लेख एका ओळीत करा. त्यांचा सीए उरलेले समजून घेईल. नवा माल जुनी बाकी चुकती होईल त्या प्रमाणातच द्यायचा, हेही त्याच पत्रात लिहा आणि वडिलांची सही घ्या. वडील सही करायला बसले म्हणजे त्यांना आकडा सांगावाच लागेल. तेवढे एक बोलणे त्यानिमित्ताने होऊन जाईल.

या दोघांपैकी एक सुटला तर तुमचे काही माग महिना-दोन महिने बंद राहतील, हे गृहीत धरा आणि त्याचा हिशेब आजच करा. उधारीवर बारा तास चाललेल्या मागापेक्षा रोखीवर आठ तास चाललेला माग सुताचा आणि व्याजाचा खर्च धरता अनेकदा बरा पडतो, पण हे तुमच्या आकड्यांवर तपासावे लागेल. बँकेत जाण्याआधी पुढील तेरा आठवड्यांची आवक-जावक एका कागदावर मांडा, आवकीत त्या दोघांचे पैसे शून्य धरा, आणि खड्डा कितव्या आठवड्यात पडतो ते पाहा. पत्राचा मसुदा इथे टाका, रकमा आणि नावे झाकून. मी आणि इतर कोणी जाणकार असतील ते पाहून देऊ. पाठवताना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच फाइलला लावून ठेवा.